पाचगणी साइडची पाम-युक्का नर्सरी: झाडं एक नंबर, पाट्यांवर विश्वास नको

महाबळेश्वरला मामांच्या बंगल्यासाठी वाई-पाचगणी पट्ट्यातल्या एका नर्सरीतून पाम आणि युक्का (तलवारीसारख्या लांब पानांचं शोभेचं झाड) घेतले, त्याचा हा रिव्ह्यू. नर्सरीचं नाव टाकत नाही, कारण पुढं तक्रार पण आहे आणि मालक माणूस म्हणून चांगलाय.

विंडमिल पामची, म्हणजे ट्रॅकिकार्पसची रोपं खरंच दणकट होती. खोडाला काथ्या गुंडाळल्यासारखं दिसतं ते अगदी बुडापासून, पिशवी फाडली तर मुळं पांढरी आणि आतल्या आत गोल फिरलेली नव्हती, बाकी नर्सऱ्यांत हे सहसा बघायला मिळत नाही. हे झाड उणे 15 पर्यंत तग धरतं, इंग्लंडात लोक अंगणात लावतात. 1849 मध्ये चीनहून तिकडं पाठवलं ते रॉबर्ट फॉर्च्यूनने, चीनमधली चहाची रोपं गुपचूप हिंदुस्थानात आणणारा तोच हा बाबा. याचाच एक भाऊबंद आपल्या कुमाऊंत पिथोरागडच्या डोंगरात रानात उगवतो.

पण नर्सरीत सगळा जोर "थंडीला चालतंय" यावरच, आणि किंमतपण त्याचीच लावलेली. अहो, महाबळेश्वरला थंडीनं झाड मरतंय कुठं? वेण्णा लेक, लिंगमळ्याला एखाद्या पहाटे दव गोठतं, पेपरात फोटो येतो, झालं. मारतो तो पाऊस! वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर, महिनोन्महिने झड, युक्काची मुळं कुजतात आणि पामच्या शेंड्यात पाणी साचून कोंब सडतो, मग नुसता ओढला तरी हातात येतो. हे मालक बोलले नाहीत, पिशव्या भरणाऱ्या मावशी बोलल्या. "दादा खड्डा नका घेऊ, उंचवटा करा, निम्मा मुरूम नि विटांचे तुकडे घाला, कोकोपीट अजिबात नको." तसंच केलं, पावसाळा निघाला, पाम टकाटक आहेत. पाच स्टार द्यायचे तर त्या मावशींना.

आता तक्रार. "कोल्ड हार्डी युक्का" अशी मोठी पाटी ज्याच्यावर होती तो जाड बुंध्याचा, बिनकाट्याचा युक्का, हॉटेलच्या दारात ठेवतात तो. तो मेक्सिको आणि त्याच्या खालच्या गरम भागातला, कडक हिम पडलं की पानं काळी. खरा थंडीचा म्हणजे फिलामेंटोसा, बुंधा नसतो, पानांच्या कडेला पांढरे दोरे सुटलेले असतात, उणे 20 लासुद्धा हूं का चूं करत नाही. तो मागच्या कोपऱ्यात बिनपाटीचा पडलेला, आणि निम्म्या भावात! आम्ही तोच उचलला, मालकांना सांगितलं तर हसले फक्त, पाटी तशीच. शेंगा धरायची वाट मात्र बघू नका, त्याचं परागीभवन करणारा खास पतंग अमेरिकेत असतो, इकडं नाही.

माण-खटावकडच्या लोकांनी तर युक्का डोळे झाकून न्यावा, दहिवडीचं कोरडं रान त्याला महाबळेश्वरपेक्षा कधीही मानवेल.

भाव जरा चढे आहेत, घासाघीस केली की उतरतात. टेम्पोचं भाडं वेगळं, ते आधीच ठरवून घ्या. रविवारी टुरिस्टांची गर्दी असते, मालक लक्ष देत नाहीत, मधल्या वारी जा आणि पाऊस संपल्यावरच.