सिंगापूर ते क्वालालंपूर, इकॉनॉमी क्लास : नऊ महिने, ६४ उड्डाणं

बायकोला क्वालालंपूरला नोकरी लागली, मुलगी तिच्याबरोबर गेली आणि मी सिंगापूरलाच राहिलो. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी जायचं आणि आठवडा सुरू व्हायच्या आत परत यायचं, असं चाललंय. मधले काही आठवडे सुटले, ते वगळून नऊ महिन्यांत ३२ वेळा गेलो आणि ३२ वेळा आलो. चार कंपन्यांची विमानं झाली. सगळी तिकिटं इकॉनॉमीची आणि सगळी स्वतःच्या खिशातून. दोन शहरांत एक घर चालवायची वेळ आपल्यातल्या बऱ्याच जणांवर येते, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

अंतर जेमतेम ३०० किलोमीटर. रस्त्यानं मुंबईहून कराडला जावं तेवढं. वेळापत्रकात सव्वा तास लिहिलेला असतो, त्यातली ४५-५० मिनिटंच विमान हवेत असतं. वर चढतंय म्हणेपर्यंत उतरायला लागतं. या मार्गावर दिवसभरात इतकी विमानं आहेत की जगातल्या सर्वात वर्दळीच्या आंतरराष्ट्रीय मार्गांत त्याचं नाव कायम असतं. तरीही माझ्या घराच्या दारापासून तिच्या घराच्या दारापर्यंत पाच तास लागतात. सुरुवातीचे दोन महिने मी सीट कुठली, खायला काय, कंपनी कुठली यातच डोकं घालत बसलो. हे पाच तास वाचतात किंवा वाया जातात ते जमिनीवर, हे कळायला वेळ लागला.

तरी आधी सीटचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. विमान बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२०, मधे वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या. स्वस्त कंपन्यांच्या ए३२० मध्ये १८० माणसं बसतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७३७-८ मध्ये १५४, त्यातल्या १४४ जागा इकॉनॉमीच्या. फरक गुडघ्यांना कळतो. माझी उंची पाच फूट दहा इंच, स्वस्त विमानात गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात, दुसऱ्यात चार बोटं जागा राहते. पण पाऊण तासासाठी ते मला कधीच जड गेलं नाही. पाठ दुखते म्हणून एकदा बिझनेसचा विचार केला होता. पण पट्टा बांधायचा दिवा विझलेला असतो तो फार तर वीस-पंचवीस मिनिटं, तेवढ्यासाठी दुपटी-तिपटीनं पैसे घालवायचं कारण मला दिसलं नाही. खाण्याचंही तेच. पूर्ण सेवेच्या कंपन्यांत एखादं पेय आणि काहीतरी चघळायला मिळतं, बाकीच्यांत विकत. गरम जेवण आधीच मागवून ठेवू नका. ताट हातात आलं की पाच-सात मिनिटांत आवरायला येतात, आणि घास गिळत बसावं लागतं. मी सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच काया टोस्ट (नारळाचा गोड जॅम लावलेला टोस्ट) आणि कोपी (तिकडची कॉफी) घेऊन मोकळा होतो.

सीटसाठी पैसे द्यायचेच असतील तर पुढच्या रांगेसाठी द्या. पहिल्या सात-आठ रांगांत बसलं की इमिग्रेशनच्या रांगेत पहिल्या पन्नासांत नंबर लागतो. त्याच वेळी दुसरी दोन मोठी विमानं उतरली असतील तर एवढ्यानं अर्धा तास वाचतो. इतक्या लहान प्रवासात अर्धा तास म्हणजे पुष्कळ झाला.

विमानतळ कुठला आणि टर्मिनल कुठलं, हे तिकीट काढतानाच बघा. चांगीच्या १, २ आणि ३ नंबरच्या टर्मिनलवर सामानाची तपासणी गेटपाशी होते, सगळ्यांची एकत्र नाही. त्यामुळे गेटवर शेवटच्या क्षणी पोचून चालत नाही, आणि पाण्याची बाटली तिथवर रिकामी करावी लागते. २०१७ साली सुरू झालेल्या ४ नंबरला तपासणी एकाच ठिकाणी आहे, पण तिथे जायला शटल बस पकडावी लागते. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यासाठी वीस मिनिटं जास्तीची धरतो. क्वालालंपूरच्या टर्मिनल १ ला बऱ्याचदा सॅटेलाइट इमारतीत उतरवतात आणि तिथून मुख्य इमारतीत एरोट्रेननं जायचं असतं. ही गाडी दोन वर्षांहून जास्त बंद होती, १ जुलै २०२५ ला परत सुरू झाली. टर्मिनल २ ला गाडी नाही, चालावं लागतं, आणि ते चालणं बरंच आहे. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर व्हीलचेअरची विनंती तिकिटासोबतच करून ठेवा, तिथे उतरल्यावर शोधत बसू नका.

पुढे शहरात जायला केएलआयए एक्स्प्रेस ही विमानतळाची रेल्वे. टर्मिनल १ पासून केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनापर्यंत २८ मिनिटं, टर्मिनल २ पासून ३३. भाडं ५५ रिंगिट, म्हणजे स्वस्त नाही, पण शुक्रवारी रात्री रस्त्यावर काय वाढून ठेवलंय ते सांगता येत नाही. आमचं घर शहराला लागूनच असलेल्या पेटालिंग जयात, तिथे केएल सेंट्रलहून केलाना जया मार्गाची एलआरटी, म्हणजे मेट्रोसारखी गाडी जाते. सुबांगला उतरणारं विमान सोयीच्या वेळी मिळालं तर मी डोळे मिटून तेच घेतो. १९९८ पर्यंत शहराचा मुख्य विमानतळ तोच होता आणि आमच्या घरापासून तो हाकेच्या अंतरावर आहे.

बसनं का जात नाही, असं आई फोनवर दर महिन्याला विचारते. दोनदा गेलो. वाटेत सरहद्दीच्या अलीकडे वुडलँड्सला एकदा आणि पलीकडे मलेशियातल्या जोहोरला एकदा, बॅग घेऊन उतरायचं, रांग लावायची, परत चढायचं. शुक्रवारच्या गर्दीत घरी पोचलो तेव्हा मुलगी कधीच झोपली होती. दोन शहरांना दीड तासात जोडणारी वेगवान रेल्वे होणार होती, पण १ जानेवारी २०२१ ला ती रद्द झाल्याचं दोन्ही देशांनी जाहीर केलं. ती झाली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

तिकिटाचं. आठवडाअखेरचं परतीचं तिकीट मला साधारण १५० ते २०० सिंगापूर डॉलरना पडलं. त्यात चांगीहून निघण्याचे कर आणि शुल्कच ६५.२० डॉलर आहेत. म्हणून जाहिरातीत भाडं कितीही कमी दिसलं तरी सिंगापूरहून निघणारं तिकीट एका मर्यादेखाली येतच नाही. क्वालालंपूरहून निघताना हा बोजा बराच कमी असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची तिकिटं वेगवेगळी काढली तर कधी कधी थोडे वाचतात. जेटस्टार एशिया ३१ जुलै २०२५ ला बंद झाल्यापासून स्वस्तातला एक पर्यायही कमी झालाय.

सामान पाठीवर मावेल तेवढंच. काही कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलो देतात, काही १०, आणि गेटवर काटा लावून बसतात. आता तिकडच्या घरात माझे कपडे वेगळे ठेवलेत. बॅगेत लॅपटॉप, औषधं आणि खाऊ, बस. खाऊवरून एक सांगायलाच हवं. आईनं सांगलीहून येणाऱ्याबरोबर कैरीचं लोणचं पाठवलं होतं, अर्ध्या किलोची काचेची बरणी. ती मी तशीच बॅगेत घातली. गेटवरच्या तपासणीत ती निघाली. १०० मिलिलिटरचा नियम लोणच्यालाही लागतो, कारण त्यात तेल आणि खार असतो. नियम त्यांचा बरोबर होता, ते नीट बोललेही. पण गेटपाशीच तपासणी असल्यानं मागे जाऊन सामानात टाकायला वेळच उरला नव्हता. बरणीच्या तोंडाला आईनं बांधलेलं पांढरं फडकं, त्यावरची दोऱ्याची गाठ, आणि ती बरणी निळ्या डब्यात गेली. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. लसणाची चटणी, मेतकूट, चकल्या, भडंग असलं कोरडं सगळं नेतो, आजवर कुणी अडवलं नाही. ओलं काही न्यायचं असेल तर सामान चेक-इन करा. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच लागते, आणि सिंगापूर एअरलाइन्स व तिच्याच स्कूट या स्वस्त कंपनीनं १ एप्रिल २०२५ पासून ती विमानात वापरायलाच बंदी केली आहे. फोन घरूनच भरून निघा.

उशिराचं. ६४ पैकी १९ उड्डाणं अर्ध्या तासाहून जास्त उशिरा निघाली, मी वहीत लिहून ठेवतो. बहुतेकांचं कारण वीज. या भागात दुपारनंतर ढग भरून येतात आणि विजांचा इशारा लागला की धावपट्टीजवळ काम करणाऱ्या माणसांना आत बोलावतात. सामान चढत नाही, इंधन भरत नाही. हे योग्यच आहे, त्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी दार लावून आम्हाला पावणेदोन तास आत बसवलं, आणि पहिली चाळीस मिनिटं कुणी एक शब्द बोललं नाही. उकडत होतं, मागच्या रांगेत एक तान्हं बाळ रडून रडून थकलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. वीज कुणाच्या हातात नसते, पण दोन वाक्यं बोलणं हातात असतं. माझ्या शेजारी एक मलय मकचिक होत्या. आपण मावशी म्हणतो तसं मलय लोक मकचिक म्हणतात. त्यांनी पायाशी ठेवलेला डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं. आत सेरी मुका होतं : खाली चिकट पांढरा भात, वर नारळाचं दूध आणि पांदानच्या सुवासिक पानांचा हिरवागार थर, चौकोनी वड्या कापलेल्या. मधल्या दोन वड्या त्यांनी टिशूवर ठेवून माझ्याकडे सरकवल्या आणि एक मागच्या बाळाच्या आईला दिली. नारळाचा तो वास मला थेट घरच्या नारळी भाताकडे घेऊन गेला. विमान सुटेपर्यंत त्या मला त्यांच्या नातवंडांची नावं सांगत होत्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवस व्हिसा लागत नाही, ही सवलत डिसेंबर २०२३ पासून आहे आणि सध्या २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. चांगीवर आता चेहरा आणि डोळे दाखवून पासपोर्ट न काढता बाहेर पडता येतं. मलेशियात मात्र येताना-जाताना शिक्के बसतात, आणि माझी ३६ पानं झपाट्यानं भरत चालली आहेत. असा नेहमीचा प्रवास असेल तर ६० पानांचाच पासपोर्ट काढा.

सर्दी असेल तर कान सांभाळा. चढ आणि उतार यांच्या मधे विश्रांती नसल्यानं कानांना सावरायला वेळ मिळत नाही. फेब्रुवारीत मी दोन दिवस एका कानानं ऐकत होतो. डॉक्टरांना विचारून नाकात मारायचा फवारा बरोबर ठेवतो आता.

आणि खिडकी. दोन्ही वेळेला डावीकडची, म्हणजे ‘ए’. संध्याकाळी सातच्या सुमाराला उत्तरेकडे जाताना सूर्य डावीकडे मावळतो. आधी सामुद्रधुनीत नांगर टाकून उभी असलेली जहाजं, मग जोहोरची पाम तेलाची लागवड, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी आखलेली. सकाळी परतताना उजाडतं तेही डावीकडेच.

सुरुवातीला मी रविवारी रात्रीच्या विमानानं परत यायचो. चार वाजल्यापासूनच घड्याळाकडे लक्ष, मुलगी बॅग लपवून ठेवायची, जेवण कुणालाच जायचं नाही. जानेवारीपासून सोमवारचं पहिलं विमान घेतो. पावणेचारला उठतो, तिला न उठवता निघतो आणि साडेनऊला ऑफिसात असतो. झोप कमी होते, सोमवारी दुपारी डोळे जड होतात. पण रविवारी रात्री आता ताटं तीन मांडली जातात, वरण-भात होतो, आणि तिला गोष्ट सांगून मीच झोपवतो.