डॉइचलांड-टिकेट आणि क्योनिग्झे सरोवर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जर्मनीत मुलांकडे राहायला जाणाऱ्या आपल्याकडील आईवडिलांनी डॉइचलांड-टिकेट, म्हणजे जर्मनीभर चालणारे मासिक प्रवासी तिकीट, घ्यावे काय, हा प्रश्न आम्ही छत्रपती संभाजीनगरला परतल्यापासून अनेकांनी विचारला आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही पती-पत्नी म्युनिकला मुलीकडे होतो आणि त्या सर्व काळात हेच मासिक तिकीट वापरत होतो. त्यामुळे पुढील मत एखाद्या फेरीवरून नव्हे, तर नित्याच्या वापरावरून बनलेले आहे. हे तिकीट स्वस्त आहे, परंतु तो त्याचा दुय्यम गुण होय. घराजवळच्या ट्रामपासून डोंगरातल्या सरोवराकाठी नेणाऱ्या बसपर्यंत एकच तिकीट चालते, टप्प्याटप्प्याला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत आणि म्हणून सकाळी उठून आभाळ पाहून सहल ठरवता येते, हे त्याचे खरे मोल आहे.

मे २०२३ मध्ये हे तिकीट महिना ४९ युरोला सुरू झाले. जानेवारी २०२५ पासून त्याची किंमत ५८ युरो झाली, आम्ही तेच दिले, आणि जानेवारी २०२६ पासून ती ६३ युरो आहे. संपूर्ण जर्मनीतील प्रादेशिक गाड्या, उपनगरी गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहरी बस यांत ते दुसऱ्या वर्गासाठी चालते. आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत सामान्यतः चालत नाही. तिकीट नावावर असते, दुसऱ्याला देता येत नाही, आणि तपासनीस आल्यास छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून पासपोर्ट सोबत ठेवावा.

या तिकिटाची परीक्षा झाली ती म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे, तेथील डोंगरातल्या क्योनिग्झे सरोवराच्या सहलीत. म्युनिकहून साल्झबुर्गच्या दिशेने जाणारी प्रादेशिक गाडी रोझेनहाइम, प्रीन, ट्राउनश्टाइन करीत फ्रायलासिंगला पोहोचते. तेथे गाडी बदलून बाट राइखेनहालमार्गे बेर्ख्टेसगाडेनला जावे लागते. बेर्ख्टेसगाडेनपर्यंत १८८८ मध्ये पोहोचलेला हा शेवटचा मार्ग एकेरी रुळांचा असून बाट राइखेनहाल सोडल्यावर चढ इतका वाढतो की गाडीचा वेग मंदावतो, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर निवांत पाहता येतात. बेर्ख्टेसगाडेन स्थानकाबाहेरच सरोवराची बस मिळते आणि तीही याच तिकिटावर. घरापासून पाण्यापर्यंत सुमारे तीन तास लागले, आणि तेवढ्या प्रवासात आम्ही एकदाही पाकीट उघडले नाही. गाडीत घरचे खाण्यास कोणाची हरकत नसते. आमच्या डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती.

पहाटे निघण्याचा सल्ला मी आग्रहाने देतो. उन्हाळ्यात दहानंतर नावेच्या तिकीटखिडकीपुढे मोठी रांग लागते. बव्हेरियाचे एक दिवसाचे प्रादेशिक तिकीट, म्हणजे बायर्न-टिकेट, पाच जणांपर्यंतच्या गटाला सोयीचे असले तरी सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊपासूनच चालते. डॉइचलांड-टिकेटला वेळेचे बंधन नाही. वयस्कर माणसांना ऊन चढण्याआधी, गर्दी जमण्याआधी पोहोचता येते, हा फरक पैशांत मोजता येण्यासारखा नाही.

नावेचे भाडे मात्र वेगळे द्यावे लागते, आणि ते द्यावेच. या सरोवरावर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या नावा आहेत. खासगी मोटारबोटींना येथे मज्जाव आहे. सरोवर सुमारे आठ किलोमीटर लांब, अरुंद आणि सुमारे १९० मीटर खोल आहे, दोन्ही काठांना कडे सरळ पाण्यात उतरतात. मध्यावर नाविक नाव थांबवतो, तुतारीसारखे वाद्य वाजवतो आणि समोरचा कडा ते सूर परत करतो. पुढे सेंट बार्थोलोमे हे लाल घुमटांचे चर्च येते आणि त्याच्या मागे २७१३ मीटर उंचीच्या वाट्समान पर्वताची पूर्वेकडील भिंत उभी असते. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस ऑस्ट्रियातील मारिया आल्म गावातून भाविक डोंगर ओलांडून या चर्चला पायी येतात, हे कळल्यावर नाथषष्ठीच्या दिंड्या पाहत वाढलेल्या माझ्या पत्नीला ते ठिकाण एकदम जवळचे वाटले. बहुतेक प्रवासी तेथूनच परततात. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी तसे करू नये. नाव पुढे सालेटपर्यंत जाते, तेथून पाऊण-एक किलोमीटर चालले की ओबरझे हे लहान सरोवर लागते आणि त्याच्या पलीकडच्या कड्यावरून सुमारे ४७० मीटर उंचीचा ऱ्योटबाख धबधबा कोसळताना दिसतो. सालेटची शेवटची नाव किती वाजता सुटते, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवावे.

येताना मनात सारखा नाथसागर येत होता. वाटेत प्रीनजवळ लागणारे कीमझे हे बव्हेरियातील सर्वांत मोठे सरोवर सुमारे ८० चौरस किलोमीटरचे आहे. आपला पैठणचा जलाशय पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. तरीही पैठणला आजही रेल्वे नाही. सकाळी संभाजीनगरहून निघून धरण, नाथमंदिर आणि गोदाकाठ पाहून संध्याकाळी घरी यायचे, तर एसटीच्या वेळा किंवा स्वतःचे वाहन यांवर विसंबावे लागते. क्योनिग्झेलाही रेल्वे थेट काठापर्यंत जात नाही. परंतु शेवटच्या पाच किलोमीटरची बस गाडीच्या वेळेशी जुळवलेली असते. आपल्याकडेही हे होऊ शकते असे मला मनापासून वाटते, आणि सुरुवात रुळांपासूनच करावी लागेल असेही नाही.

जवळच्या सरोवरांसाठी इतका खटाटोप नको. श्टार्नबेर्गचे स्थानक पाण्याला लागून आहे आणि उपनगरी गाडीने म्युनिकहून अर्धा तास लागतो. टेगर्नझेला सुमारे एक तास लागतो, मात्र त्या मार्गावरील गाडीचे डबे वाटेत वेगळे होऊन निरनिराळ्या दिशांना जातात, म्हणून डब्यावरचा फलक वाचूनच बसावे. हालश्टाट या सरोवराकाठच्या गावाबद्दल पुष्कळजण विचारतात. ते ऑस्ट्रियात आहे आणि आपले तिकीट त्या दिशेला साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंतच चालते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. शनिवार-रविवारी ऊन पडले की गाड्या भरून वाहतात आणि आरक्षण नसल्याने उभे राहावे लागते. गाड्या वेळेवर धावतात ही आपली समजूत तेथे फार टिकत नाही. एका सहलीत पहिली गाडी उशिरा आल्याने पुढची सुटली आणि आम्हांला फलाटावर तासभर बसावे लागले. म्हणून परतीसाठी शेवटची गाडी न धरता तिच्या आधीची धरावी. डीबी नॅव्हिगेटर या जर्मन रेल्वेच्या अॅपमध्ये केवळ या तिकिटावर चालणाऱ्या गाड्या दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवल्यास चुकून वेगवान गाडीत चढण्याची भीती राहत नाही.

आठवड्याभरासाठी जाणाऱ्याने हे तिकीट घेऊ नये. गटाने एखाद-दुसरी सहल करायची असेल तर बायर्न-टिकेट पुरते. शेंगेन या युरोपातील अल्पमुदतीच्या व्हिसावर ९० दिवसांच्या मर्यादेत दोन-तीन महिने राहणाऱ्यांनी अवश्य घ्यावे. अनेक विक्रेते युरोपातील बँक खाते मागतात, तेव्हा मुलांच्या खात्यावरून घेणे सोपे जाते. तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते. ते बंद करायचे असेल तर ज्या महिन्यात परतायचे त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे लागते, अन्यथा पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. रद्द केल्यावरही ते महिनाअखेरपर्यंत चालते, म्हणून आम्ही शेवटच्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात मुलीकडून ते काम करून घेतले आणि निघेपर्यंत त्याच तिकिटावर फिरत राहिलो.