लोकलसेंड: कॉम्प्युटरमधले फोटो, गाणी, व्हिडिओ टॅबवर न्यायला कसं आहे?

दहा-पंधरा जीबीपर्यंतचे फोटो, गाणी आणि व्हिडिओ कॉम्प्युटरवरून टॅबवर न्यायचे असतील तर लोकलसेंड हे ॲप डोळे झाकून घ्या. त्याहून जास्त माल असेल तर टाइप-सीचा पेनड्राइव्ह बरा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

सांगलीकरांना टॅबवर ही दुसरी प्रत का हवी, हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, हरभट रोड, मारुती रोड भागात तळमजल्यावर जे कॉम्प्युटर राहिले, त्यांच्या हार्ड डिस्कबरोबर लग्नाचे व्हिडिओ आणि मुलांच्या लहानपणचे फोटोही पाण्यात गेले. टॅब पिशवीत टाकून वरच्या मजल्यावर नेता येतो. सीपीयूच्या वायरी काढत बसायला त्या वेळी कुणाला सवड नसते.

लोकलसेंड फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. विंडोज १० पासून पुढं, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयपॅड, सगळीकडं चालतं. फाइल घरच्या राउटरवरून थेट टॅबवर जाते, इंटरनेटवर चढत नाही. त्यामुळं नेटचा पॅक खर्च होत नाही आणि फोटोची क्वालिटीही जशीच्या तशी राहते. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच फोटो पाठवणाऱ्यांनी हा फरक एकदा मोठा करून बघावा: साडीचं जरीकाम, पत्रिकेवरची बारीक अक्षरं व्हॉट्सॲपच्या फोटोत पुसट होतात, इथं होत नाहीत.

वापर सोपा आहे. दोन्हीकडं ॲप टाका, दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर ठेवा. टॅबवर 'रिसीव्ह' उघडं ठेवा. तिथं टॅबला एखाद्या फळाचं किंवा भाजीचं नाव मिळालेलं दिसेल, सेटिंगमधून ते बदलून आपल्या ओळखीचं ठेवा. कॉम्प्युटरवर 'सेंड'मध्ये जाऊन पूर्ण फोल्डर निवडा, खाली टॅबचं नाव येईल, त्यावर क्लिक करा आणि टॅबवर 'ॲक्सेप्ट' दाबा.

टॅबचं नाव खाली येतच नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. दोष बहुतेक वेळा ॲपचा नसतो. विंडोज नवीन वाय-फायला 'पब्लिक' समजतं आणि फायरवॉल बाहेरून आलेली हाक अडवतं. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्यात लोकलसेंडला परवानगी द्या. तो पोर्ट नंबर विचारत असेल तर ५३३१७, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. दुसरं कारण राउटरमध्ये असतं. 'एपी आयसोलेशन' (वाय-फायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सोय) चालू असेल किंवा टॅब गेस्ट वाय-फायवर असेल तर एकाच छताखालची दोन यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. मंगल कार्यालय, हॉटेल, कॉलेजच्या वाय-फायवर हे हमखास होतं, तिथं खटपट करू नका. एवढं करूनही नाव आलं नाही, तर टॅबवर नावाखाली हॅशच्या चिन्हापुढं जो आकडा दिसतो तो कॉम्प्युटरवर हातानं टाका, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

वेगाचं गणित आधीच करून ठेवा. राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा असेल तर सेकंदाला साधारण ५ एमबी मिळतात, म्हणजे ६४ जीबीला साडेतीन तासांच्या वर. ५ गिगाहर्ट्‌झवर, राउटरच्याच खोलीत बसलात तर २५ एमबीपर्यंत जातो आणि तेच काम पाऊण तासात होतं. कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलनं जोडलेला असेल तर राउटरचा पोर्ट बघा. स्वस्त राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिट म्हणजे एक बाइट) असतो, मग वाय-फाय कितीही चांगलं असलं तरी ११-१२ एमबीच्या पुढं काटा हलत नाही. पाठवताना टॅबची स्क्रीन बंद होऊ देऊ नका, आयपॅडवर तर ॲप समोरच उघडं हवं. मध्येच तुटलं तर ती फाइल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते. या ॲपचा खरा उणेपणा हाच, आणि मोठ्या कामाला मी ते सुचवत नाही ते याचमुळं.

लाइट गेली की राउटर बंद, पण लॅपटॉप आणि टॅब चालू असतात. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट लावून दोन्ही त्यावर जोडा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करा. काम फोनच्या वाय-फायवरच होतं, डेटा लागत नाही. डेटा चालू राहिला तर विंडोज त्याच संधीत अपडेट उतरवून दिवसाचा कोटा संपवतं. लॅपटॉपचा स्वतःचा हॉटस्पॉट इथं उपयोगी पडत नाही, कारण दुसरं कुठलंच कनेक्शन नसेल तर विंडोज तो सुरूच करू देत नाही.

पोचलेल्या फाइली अँड्रॉइडवर 'डाउनलोड'मध्ये आणि आयपॅडवर 'फाइल्स' ॲपमधल्या लोकलसेंडच्या फोल्डरमध्ये सापडतात. फोटो थेट गॅलरीत जावेत म्हणून सेटिंगमध्ये वेगळा पर्याय आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोच्या आत तारीख असते, व्हॉट्सॲपवरून आलेल्या आणि स्कॅन केलेल्या फोटोत ती बहुधा नसते. त्यामुळं आजोबांचा जुना फोटो गॅलरीत आजच्या तारखेला दिसू शकतो. असे फोटो वर्षाच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवा.

गाण्यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मिरजेच्या दर्ग्यातली संगीत सभा आणि घरगुती बैठकी रेकॉर्ड करणारे आपल्याकडं बरेच आहेत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झची वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी जागा खाते. टॅबवर नेण्याआधी कॉम्प्युटरवर ती फ्लॅक या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. आवाजातलं काहीही न गमावता आकार बऱ्यापैकी कमी होतो, शिवाय राग आणि कलाकाराचं नाव फाइलला नीट चिकटून राहतं. वेव्हमध्ये ते टॅबवर अनेकदा दिसत नाही. जुन्या एमपीथ्रीवर नावाऐवजी अगम्य अक्षरं दिसली तर टॅग (फाइलला चिकटलेली गाण्याची, कलाकाराची नावं) युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. ते कॉम्प्युटरवरच एमपीथ्रीटॅग या प्रोग्राममध्ये दुरुस्त करा, टॅबवर हे काम जिवावर येतं.

ऐकायला-बघायला व्हीएलसी हे प्लेअर ॲप टाका. लग्नाच्या डीव्हीडीतल्या व्हीओबी आणि हँडीकॅमच्या एमटीएस फाइली टॅबच्या गॅलरीत उघडत नाहीत, व्हीएलसीत उघडतात.

आता मोठ्या मालाबद्दल. लग्नाचा तीन तासांचा फुल एचडी व्हिडिओ ८ एमबीपीएसचा धरला तरी जवळपास ११ जीबी होतो. असे चार-पाच असतील तर दोन्ही टोकांचा पेनड्राइव्ह, एकीकडं टाइप-सी आणि दुसरीकडं नेहमीचा यूएसबी, घ्या. त्याचं फॉरमॅट फॅट३२ असेल तर तो ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही आणि लोक पेनड्राइव्ह खराब समजून दुकानात परत करतात. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस टाळा. जुन्या टॅबनं तो न वाचता 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर आतलं सगळं जाईल.

केबलही चालते, पण चार्जरबरोबरच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतात. टॅब नुसता चार्ज होत राहिला आणि नोटिफिकेशनमध्ये 'फाइल ट्रान्सफर' आलंच नाही तर आधी केबल बदला. हजारो छोटे फोटो एकदम टाकले की विंडोज हिशेबातच अडकतं, तिथं चारशे-पाचशेच्या गठ्ठ्यानं टाका.

कुठल्याही रस्त्यानं नेलं तरी कॉम्प्युटरवरचं मूळ लगेच पुसू नका. दोन्हीकडच्या फोल्डरमधली फाइलींची संख्या आणि बाइट्समधला आकार जुळवा. नंतर प्रत्येक मोठा व्हिडिओ शेवटच्या मिनिटाला नेऊन चालवून बघा. अर्धवट आलेली फाइल बऱ्याचदा सुरुवातीला व्यवस्थित चालते, ती अडते शेवटाकडं.