स्टॅम्प काँक्रीटचं अंगण आणि गाडीची वाट: वर्षभराच्या वापरानंतर, मुख्यतः सीलरबद्दल

सीलर पांढरा पडला. स्टॅम्प काँक्रीट म्हणजे ओल्या काँक्रीटवर दगडी फरशीच्या नक्षीचे साचे उमटवून केलेला रंगीत कोबा, आणि सीलर म्हणजे त्यावर शेवटी मारतात तो पारदर्शक लेप. गाडीच्या वाटेच्या ज्या कडेला पाणी जास्त वेळ रेंगाळतं तिथे आधी दुधाळ डाग आले आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ते पसरत गेले. ठेकेदाराला फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं, "काँक्रीटला काही झालेलं नाही." ते खरंच आहे, काँक्रीट ठणठणीत आहे. पण मला नमुना म्हणून दाखवला होता तो दगडी फरशीचा गडद, ओलसर रंग, आणि तो रंग सीलरमुळेच उठून दिसतो. सीलर गेला की उरतो तो फिकट, धुरकट कोबा, आणि साध्या कोब्यासाठी इतके पैसे कुणी मोजत नाही.

साचे कसे उमटवतात, रंग कसा घालतात हे बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे ते सोडते. मला बोलायचं आहे ते अंदाजपत्रकाबद्दल. हे काम काढताना जो आकडा समोर येतो तो प्रति चौरस मीटर एक सरसकट दर असतो, आणि त्या दराच्या शेवटी 'रंग व सीलरसह' असे तीन शब्द असतात. आमच्या कोटेशनमध्येही तेच होतं. कुठला सीलर, किती हात, काम झाल्यावर किती दिवसांनी, घसरू नये म्हणून त्यात कण घालणार की नाही, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांत कमी दराचं कोटेशन नेमकं याच न लिहिलेल्या गोष्टींमुळे कमी असतं, हे आता तिन्ही कोटेशनं शेजारी ठेवून वाचताना लख्ख दिसतं.

पांढरं पडण्याचं कारण समजून घेतल्यावर माझा राग वाढला, कारण ते टाळणं महाग नव्हतं. द्रावकात विरघळलेला अॅक्रिलिक सीलर मारला की द्रावक उडून जातं आणि वर अॅक्रिलिकचा पातळ पडदा राहतो. नव्या काँक्रीटमधली ओल खालून वर येत असते. पडदा पातळ असेल तर ती हळूहळू निघून जाते. पडदा जाड असेल किंवा काँक्रीट अजून ओलं असतानाच सीलर मारलेला असेल, तर ओल पडद्याखाली अडकते आणि पृष्ठभाग पांढुरका दिसू लागतो. म्हणून सीलर लावण्याआधी साधारण २८ दिवस थांबतात. आमच्याकडे साचे सुटावेत म्हणून टाकलेली पूड धुऊन झाली आणि एक-दोन दिवसांत सीलरचे डबे उघडले गेले, कारण कामगारांना पुढच्या साइटवर जायचं होतं आणि शेवटचं बिल सीलर लागल्याशिवाय निघणार नव्हतं. वर दोन जाड हात! चकाकी पाहून घरातले सगळे खूश झाले. चकाकी जितकी जास्त तितका पडदा जाड, हे त्या क्षणी सांगायला ठेकेदाराशिवाय कोण होतं?

एक सोपी चाचणी आहे. प्लॅस्टिकचा हातभर रुंदीचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने काँक्रीटवर घट्ट चिकटवायचा आणि रात्रभर, किमान १६ तास, तसाच ठेवायचा. उचलल्यावर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव असेल किंवा खालची जागा गडद झाली असेल, तर सीलरची वेळ आलेली नाही. याला खर्च काहीच नाही. ठेकेदाराने ही चाचणी माझ्यासमोर करावी आणि मगच डबा उघडावा, ही अट कोटेशनमध्ये लिहून घेता येते. लिहून घ्याच.

भांडण बरेच दिवस चाललं. त्याचं म्हणणं, पाणी साचतं ही घरमालकाची जबाबदारी. माझं म्हणणं, ढाळ त्यानेच दिला आहे. दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार हवा. मी लांब पट्टी आणि लेव्हल घेऊन मोजला तेव्हा त्या कडेला तो जवळपास नव्हताच. मोजमापाचे फोटो पाठवल्यावर भाषा बदलली आणि अखेर माणूस आला. त्याने झायलीन नावाचं द्रावक आणलं, पांढऱ्या भागावर पातळ फवारलं आणि लगेच रोलर फिरवला. द्रावकाने जुना अॅक्रिलिक पडदा पुन्हा मऊ होतो, अडकलेली ओल सुटते आणि पडदा परत पारदर्शक बसतो. वास भयंकर असतो. द्रावकाच्या वाफा अडवणारा मास्क लावून, घराची दारं-खिडक्या बंद करून, जवळपास आगीची ठिणगीही नसताना हे करायचं काम आहे, आणि मुलांना त्या दिवशी घरापासून लांबच ठेवलं पाहिजे.

आता माझ्या मतात झालेला बदल सांगते. हा अनुभव लिहायला घेतला तेव्हा 'अॅक्रिलिक सीलर घेऊच नका' असं लिहायचं ठरवलं होतं. त्या दुरुस्तीनंतर पुन्हा भरपूर पाऊस झाला, आणि अंगणाचा भाग स्वच्छ राहिला. रंग परत आला, तोही पहिल्यापेक्षा चांगला, कारण चकाकी उतरून सौम्य झाली. म्हणजे दोष डब्यातल्या मालाचा नव्हता. घाईचा आणि जाडीचा होता. त्यामुळे अंगणासाठी अॅक्रिलिकबद्दलचं माझं मत आता चांगलं आहे. गाडीच्या वाटेबद्दल मात्र नाही, त्याकडे शेवटी येते.

सीलरचा हिशेब कागदावर मांडला की त्याचं वजन कळतं. आमचं अंगण २० चौरस मीटर आणि गाडीची वाट ४०, मिळून ६०. असा सीलर एका हाताला लिटरमागे साधारण ५ ते ७ चौरस मीटर पुरतो. म्हणजे एका हाताला सुमारे १० लिटर आणि सुरुवातीच्या दोन हातांना २०. पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक पातळ हात, म्हणजे पुन्हा १० लिटर, शिवाय धुण्याची मजुरी. दहा वर्षांत हे तीन-चार वेळा होणार. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये हा खर्च कधीच नसतो, कारण तो त्याचा नाही. तो आपला आहे, आणि फरसबंदी ब्लॉक की स्टॅम्प काँक्रीट अशी तुलना करताना तो धरलाच पाहिजे. आम्ही तुलना केली ती पहिल्या दिवसाच्या दरांची, आणि त्या तुलनेत स्टॅम्प काँक्रीट आहे त्यापेक्षा स्वस्त दिसलं.

बाकीच्या खर्चाचंही थोडं सांगते, कारण दर प्रति चौरस मीटर असला तरी काँक्रीट घनमीटरमध्ये येतं. अंगणाला १०० मिमी जाडी पुरते, गाडीच्या वाटेला १२५ तरी हवी. आमच्या मापाने अंगणाचे २ आणि वाटेचे ५ असे ७ घनमीटर झाले, आणि खाली-वर जमिनीसाठी व सांडलवंडीसाठी ५ ते १० टक्के जादा. जाडी १०० वरून १२५ केली की काँक्रीट थेट एक चतुर्थांशाने वाढतं. इथेच एक गोष्ट लक्षात येत नाही: रंग काँक्रीटमध्येच मिसळलेला असेल तर रंगही एक चतुर्थांशाने वाढतो. रंगद्रव्य सिमेंटच्या वजनावर मोजतात. घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि ४ टक्के रंग धरला तर प्रत्येक घनमीटरला १४ किलो रंगद्रव्य लागतं, आणि त्यातलं बहुतेक कुणाला कधीच न दिसणाऱ्या खोलीत जातं. दुसरा मार्ग म्हणजे रंगीत हार्डनरची पूड ओल्या पृष्ठभागावर शिंपडून रंध्याने घोटून घेणं. ती चौरस मीटरला साधारण ३ किलो लागते, मेहनत जास्त, पण रंग वरच्या थरातच राहतो आणि तो थर टणकही होतो. कड उडाली की खालचा राखाडी रंग दिसतो, हा तिचा तोटा. जाड वाटेसाठी मी हार्डनरच्या बाजूची आहे. दोन्ही पर्यायांचे वेगळे दर मागा. आमच्याकडे ते मागितल्यावरच कळलं की फरक जितका सांगितला होता तितका नव्हता.

पायावर मात्र कात्री लावू नका. खडीचा थर टाकून प्लेट कॉम्पॅक्टरने नीट दाबला नाही, तर वरचं नक्षीकाम कितीही सुंदर असो, ते खचणार. आणि साध्या कोब्याला भेग पडली तर ती भरता येते. इथे भरलेली भेग कायम वेगळी दिसते, कारण उन्हात मुरलेल्या जुन्या रंगाशी नवा रंग जुळत नाही. त्याच कारणासाठी, ओतकाम करण्यापूर्वी वाटेखालून दोन-तीन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा: दिव्याची वायर, बागेचं पाणी, उद्या फाटकाला लागणारी मोटर. आम्ही टाकले, आणि पुढे फाटकाची वायर न तोडता-फोडता अर्ध्या दिवसात गेली. संपूर्ण कामातला हा सगळ्यांत कमी खर्चाचा आणि मला सगळ्यांत जास्त समाधान देणारा भाग आहे.

सांधे कापण्यावरून घरात वाद झाला होता. इतकी छान दगडांची नक्षी आणि तिच्यावरून मशिनने सरळ रेघ मारायची, हे कुणालाच पटेना. १०० मिमी जाडीला अडीच-तीन मीटरवर सांधा हवा, आणि त्याची खोली जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी. काँक्रीट आकसतं, भेग पडायचीच असते. सांधा फक्त ती कुठे पडावी हे ठरवतो. वर्षभरात आमच्याकडे एक भेग आली ती बरोबर सांध्याच्या आत, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. नक्षीतल्या दगडांच्या ओळींशी जुळवून सांधे आखायला लावले असते तर ती रेघही खुपली नसती. नक्षीचा नकाशा आणि सांध्यांचा नकाशा एकाच कागदावर मागायला काहीच पैसे पडत नाहीत.

घसरण्याचं सांगायलाच हवं. सीलर लावलेलं स्टॅम्प काँक्रीट ओलं असताना निसरडं असतं, विशेषतः कमी खोल नक्षीवर. माझी आई पायरीखालच्या भागात एकदा घसरली. भिंतीचा आधार मिळाला म्हणून पडली नाही, पण त्या दिवसापासून तिने अंगणात अनवाणी जाणं सोडलं. दुरुस्तीच्या वेळी मी सीलरमध्ये बारीक पॉलिमरचे कण मिसळायला लावले. डब्यामागे एक छोटी पिशवी, तेवढाच खर्च. आता पाऊस पडून गेल्यावरही पाय नीट बसतो. घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर ही पिशवी ऐच्छिक नाही, पहिल्यांदा सीलर मारतानाच घाला.

आता गाडीची वाट. तिथे दुरुस्तीनंतर पांढरेपणा गेला, पण जिथे गाडी वळते तिथे पडदा झिजून फिकट चंद्रकोरी उमटल्या आहेत, आणि लांबच्या प्रवासाहून आलेली गाडी जिथे उभी राहते तिथे टायरखाली पापुद्रे निघालेत. तापलेला टायर अॅक्रिलिकला मऊ करतो आणि गाडी निघताना पडदा घेऊन जातो. म्हणजे दोन-तीन वर्षांचा जो हिशेब मी वर मांडला तो अंगणाला लागू आहे. वाटेला हात लवकर द्यावा लागेल. वाटेवर सुरुवातीलाच काँक्रीटमध्ये मुरणारा सिलेन-सिलॉक्सेनचा सीलर घेतला असता तर चकाकी आणि ओलसर रंग मिळाला नसता, पण वर पडदाच नसल्याने झिजायला, पांढरं पडायला किंवा टायरला चिकटायला काही उरलं नसतं. रंग हार्डनरचा असेल तर तो तसाही पुरेसा गडद राहतो. ठेकेदाराने दोन्ही भागांसाठी एकच डबा वापरला, कारण त्याला ते सोयीचं होतं.

अंगण मी पुन्हा असंच करून घेईन. झाडायला सोपं, फटीतून गवत येत नाही, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नक्षी खरोखर सुंदर दिसते. वाटेचा प्रश्न असा आहे की मुरणारा सीलर जुन्या अॅक्रिलिकच्या पडद्यातून आत जात नाही; आधी तो पडदा पूर्ण उतरवावा लागतो. त्या कामाची कोटेशनं मागवली आहेत. या वेळी मजकूर मी लिहून दिला आहे: पडदा उतरवण्याचं रसायन, धुण्याची मजुरी, सुकण्याचे दिवस, प्लॅस्टिकची चाचणी, सीलरचा प्रकार आणि लिटर, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम. सरसकट दर लिहून आलेलं एक कोटेशन मी परत पाठवलं आहे.