पॉप-अप कॅम्पर, एक अख्खा सीझन: मिनेसोटाच्या तळ्यांवर २३ रात्री काढल्यानंतर

मेच्या मध्यात सेकंडहँड पॉप-अप कॅम्पर घेतला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीसाठी बंद करून ठेवला. मधल्या पाच महिन्यांत २३ रात्री बाहेर काढल्या, २० कॅम्परमध्ये आणि ३ तंबूत. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही असं वाटतंय. आम्ही मिनिआपोलिसजवळ राहतो, त्याआधी सात वर्षं फक्त तंबूच वापरला होता.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, पॉप-अप म्हणजे खाली चाकांवरची कडक पेटी, वर छप्पर, हँडल फिरवलं की छप्पर वर जातं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर सरकतात आणि मधल्या भिंती सगळ्या कापडाच्या. आत सिंक, दोन शेगड्या, गॅसवरचा हीटर ज्याला इथे फर्नेस म्हणतात, आणि छोटं पोर्टेबल टॉयलेट. भरल्यावर वजन साधारण २,५०० पाउंड, आमच्या एसयूव्हीची ओढायची मर्यादा ३,५०० आहे म्हणून हाच घेतला, मोठ्या ट्रेलरसाठी गाडी पण बदलावी लागली असती.

खरं कारण आई-बाबा. ते वाईहून पाच महिन्यांसाठी येणार होते आणि बाबांचे गुडघे असे आहेत की जमिनीवर झोपले तर उठवायला दोन माणसं लागतात. तंबूत नेणं शक्यच नव्हतं, आणि हॉटेलात राहून तळी दाखवणं मला पटत नव्हतं.

पहिली मोठी ट्रिप जूनमध्ये आयटास्काला, चार रात्री. १८९१ चं पार्क, मिनेसोटातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, आणि इथेच मिसिसिपी तळ्यातून बाहेर पडते. तिथे खांबावर लिहिलंय की ती २,५५२ मैल वाहत जाते, पण सुरुवातीला इतकी उथळ की दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाता येतं. बाबा एका हातात माझा हात आणि एका हातात काठी घेऊन पलीकडे गेले आणि मग तिथेच पाण्यात पाय सोडून अर्धा तास बसले. कृष्णाकाठचा माणूस, जुन्या महाबळेश्वरच्या गोमुखापाशी दरवर्षी जाणारा, त्यांना नदीचा उगम म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. तिथे देऊळ कसं नाही एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

रात्री लून ओरडला. हा इथला राज्यपक्षी, तळ्यावर असतो आणि त्याचा आवाज लांबलचक हाक मारल्यासारखा. आई दचकून उठून बसली, म्हणाली कोण रडतंय गं बाहेर? मग समजल्यावर दोघंही जागे राहून ऐकत होते, एक या तळ्यावरून ओरडला की लांबून दुसरा उत्तर देतो. कॅम्पर घेताना मला भीती होती ती हीच, की पेटीत बंद झाल्यावर हे सगळं जाईल. नाही गेलं. कापडाच्या भिंती आहेत, खिडक्यांना जाळ्या आहेत, डास बाहेर आणि आवाज आत. जूनमधले इथले डास ज्यांनी अनुभवलेत त्यांना हे किती मोठं सुख आहे ते कळेल. मला तरी पॉप-अप यासाठीच आवडला, जमिनीपासून वर, कोरडं झोपायचं आणि तरी जंगलातच असायचं.

आता त्रासाचं. जुलैमध्ये डुलूथच्या पुढे, लेक सुपीरियरच्या काठावर गूजबेरी फॉल्सच्या पार्कला गेलो आणि दोन दिवस सलग पाऊस. आत आम्ही कोरडे, पत्ते खेळलो, खिचडी केली, मस्त. पण निघताना कापड ओलं, आणि ओलं कापड तसंच घडी घालून छप्पर खाली आणावं लागतं, दुसरा इलाज नाही. घरी पोचलो रविवारी रात्री, सोमवारी ऑफिस, मंगळवारी पण पाऊस, उघडला बुधवारी. तीन दिवसांत कोपऱ्यात काळे ठिपके आणि कुबट वास. पातळ व्हिनेगर आणि मऊ ब्रशने दोनदा पुसलं, वास गेला, ठिपके थोडे अजून आहेत. तेव्हापासून नियम, आल्या आल्या कितीही वाजले तरी ड्राइव्हवेत उघडायचा, आणि पाऊस असेल तर गॅरेजमध्ये निम्मं छप्पर वर करून पंखा लावायचा. ज्यांना पार्किंगमध्ये कॅम्पर उघडायची परवानगी नाही, अपार्टमेंटमध्ये राहतात, त्यांनी पॉप-अप घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा त्रास बॅटरीचा. विकणाऱ्याने सांगितलं होतं बॅटरी नवीन आहे, ती नव्हती. फर्नेस गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर, हे घेताना माझ्या डोक्यात नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी ग्रँड मरेला, वीज जोडता येईल अशी कॅम्पिंगची जागा (साइट) मिळाली नाही, बाहेर पारा ३ अंशांवर, आणि पहाटे तीनला फर्नेस बंद. सिलिंडरमध्ये गॅस भरपूर, पंखाच फिरेना. शिसं-अ‍ॅसिडची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, १२.१ व्होल्ट दिसले की थांबायचं, आमची कधीच त्याच्या खाली गेलेली. त्या रात्री अजून एक कळलं, बाहेर सरकणाऱ्या पलंगांच्या खाली नुसती हवा असते, त्यामुळे गार वाऱ्याने गादी खालून थंड पडते, वर कितीही पांघरा. आईने भारतातून आणलेली गोधडी काढली आणि अंगावर न घेता गादीखाली पसरली, तिचं म्हणणं थंडी खालून येते तर खाली घाला. दहा मिनिटांत फरक पडला. नंतर मी गादीखाली घालायला चांदीच्या पन्नीसारखं इन्सुलेशन आणलं, पण गोधडी पण ठेवलीये. बॅटरी आता १०० अँपिअर-अवरची लिथियम घेतली, ती जवळजवळ पूर्ण वापरता येते, फक्त शून्याच्या खाली चार्ज करायची नाही.

टॉयलेटबद्दल एकच, ज्येष्ठ बरोबर असतील तर हवंच. रात्री दोनला टॉर्च घेऊन झाडीतून पार्कच्या संडासापर्यंत आईला नेणं मला तरी जमलं नसतं.

खाणं मात्र कॅम्परमध्ये ठेवायचं नाही. अस्वलाला कापडाची भिंत म्हणजे काहीच नाही. भाकरवडी, लोणचं, टूथपेस्टसुद्धा, सगळं गाडीत बंद. जळण घरून न्यायचं नाही, अ‍ॅशची झाडं पोखरणारा किडा लाकडातून पसरतो, तिथेच मिळतं ते घ्या. आणि रोज संध्याकाळी गोचीड तपासा, आमच्या लेकीच्या गुडघ्यामागे एक सापडली होती, खसखशीएवढी.

तंबू विकला का असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. ऑगस्टमध्ये आई-बाबा मावसबहिणीकडे होते तेव्हा आम्ही तिघं ईली गावावरून बाउंड्री वॉटर्स या राखीव जंगलात गेलो, तिथे हजाराच्या वर तळी, जवळजवळ सगळीकडे मोटरला बंदी, कॅनू वल्हवत जायचं आणि दोन तळ्यांच्या मधे तो डोक्यावर घेऊन चालायचं. हे अंतर तिथे रॉडमध्ये मोजतात, १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनूएवढं. डबाबंद खाणं आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत. तिथे कॅम्पर काय कामाचा! तीन रात्री, एकही दिवा नाही, आणि नवऱ्याचं मत अजूनही तंबूच्याच बाजूने आहे.

परवा पाण्याच्या नळ्या थंडीत गोठून फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) घालून पंप चालवला, नळातून गुलाबी आलं की झालं. बॅटरी काढून घरात आणली, गाद्या उभ्या केल्या, कापड दोन दिवस उन्हात ठेवून मगच घडी घातली. छप्पर उचलायची वायर एका जागी विरलीये, ती एप्रिलमध्ये बदलायची आहे. जूनच्या साइटचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं, आयटास्कासाठी फेब्रुवारीतली तारीख फोनवर लावून ठेवलीये.