रंगकाम: एकेक खोली स्वतः, की सगळे घर कारागिरांकडून?

खर्चाला मर्यादा आणि घरात लहान मुले असताना रंगकामाचे मुख्यतः दोन मार्ग उरतात: सवडीनुसार एकेक खोली स्वतः रंगवणे किंवा कारागीर लावून सगळे घर एकदम उरकणे. स्वतः रंगवल्यास मजुरी वाचते, आणि एकूण खर्चात तिचा वाटा मोठा असल्याने ही बचत किरकोळ नसते. शिवाय खर्च काही महिन्यांत विभागला जातो. मात्र पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा एक हात दिल्यावर दुसऱ्यासाठी साधारण 4 तास थांबावे लागते, आणि तेवढ्यात रांगत्या बाळाची बोटे ओल्या भिंतीपर्यंत पोहोचतातच. म्हणून दुपारच्या झोपेत पहिला हात आणि रात्री दुसरा, अशी आखणी सोयीची ठरते; घासकाम मात्र मुले घराबाहेर असतानाच करावे.

कारागिरांकडून काम लवकर संपते, पण तेवढे दिवस मुलांसह दुसरीकडे राहण्याची सोय नसेल तर निम्मा फायदा गेलाच म्हणायचा.

घर जुने असेल तर पारडे कारागिरांकडे झुकते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाच्या संपर्काची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. असा थर कोरडा घासू नये. आधी तपासणी करून तो माहितगाराकडूनच काढून घ्यावा. नव्या घरात, भिंती धड असतील तर, मी पहिलाच मार्ग निवडेन. छत तेवढे कारागिराकडे सोपवेन, कारण शिडीवर चढलेल्या पालकाला खाली चाललेले उद्योग आवरता येत नाहीत.