मँचेस्टर: जमीनदाराचा दरबार की निवडून आलेली नगरपालिका?

1838 पर्यंत मँचेस्टर कागदोपत्री निव्वळ टाउनशिप, म्हणजे गावच! गिरण्यांची धुराडी आभाळाला भिडलेली, पण कारभार जमीनदार मोस्ली घराण्याच्या ‘कोर्ट लीट’कडे, म्हणजे जमीनदारी दरबाराकडे. गावचा प्रमुख ‘बरोरीव्ह’ तिथेच निवडला जाई; बिअर चाखून तपासणारे आणि दांडग्या कुत्र्यांना मुसकी घातली का ते बघणारे अधिकारीही तिथलेच. गंमतच सगळी, पण लाखभर वस्तीला ती कशी पुरणार?

कापड-व्यापारी रिचर्ड कॉब्डेन यांच्या खटपटीने 1838 मध्ये आलेली नगरपालिका करदात्यांनी निवडलेली. माझं मत तिलाच. मात्र बाजाराचे हक्क मोस्लींकडेच राहिले. 1808 मध्ये जमीनदारीचे सगळे हक्क 90,000 पौंडांना मिळत होते; गावाला ते महाग वाटले. 1846 मध्ये नगरपालिकेने मोजले 2,00,000.